बसलेल्या आवाजाचा तपास

“मी खोलीत पाऊल टाकलं की पुरावे आपणहून उठून उभे राहतात,” असं म्हणत मामा खोलीत शिरले आणि पायपुसण्याला अडखळून थेट सोफ्यावर आदळले. “पाहिलंस? पहिला पुरावा.”

विमा कंपनीत तीस वर्षं जळकी गोदामं तपासून मामा निवृत्त झाले होते. तेव्हापासून नातेवाइकांकडे काहीतरी आक्रीत घडावं म्हणून ते टपून बसलेले असत. या खेपेला त्यांचं नशीब फळफळलं होतं. भाचीच्या घरच्या गिटारचा आवाज बसला होता.

गिटार बाबांची. ते गेल्याला आठ महिने झाले होते. रविवारी त्यांचे विद्यार्थी घरी जमणार होते आणि बाबांनी बसवलेली एक धून तिने याच गिटारवर वाजवायची, असं ठरलं होतं. पण आवाज असा यायचा, की जणू उशीत तोंड खुपसून कुणी बोलतंय. एका विद्यार्थ्याने आपली गिटार आणायची तयारी दाखवली होती. तिला ते नको होतं.

“एकच अट आहे, मामा. तारांना हात लावायचा नाही. बाबांची बोटं लागलीत त्यांना.”

मामांनी वही उघडून लिहिलं : ‘तारा – निर्दोष.’ आणि उरलेल्या जगावर संशय घ्यायला मोकळे झाले.

पहिला आरोपी उंदीर. दाढीचा आरसा आणि टॉर्च घेऊन मामांनी गिटारच्या पोटात डोकावून पाहिलं. आत शर्टाचं एक बटण सापडलं.

“उंदीर शर्ट घालत नाहीत,” मामा गंभीरपणे म्हणाले. “सुटला.”

दुसरा आरोपी हवा. लाकूड सुकलंय म्हणून गिटारशेजारी दिवसभर पाण्याचं पातेलं ठेवलं. मग लाकूड फुगलंय असं ठरलं आणि पातेलं हलवून टेबलफॅन लावला. गिटारला काही फरक पडला नाही. मामांना मात्र शिंका सुरू झाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला बाथरूममध्ये बसवून वाजवायला लावलं. आवाज खणखणीत आला.

“सापडला!” मामा दाराबाहेरून ओरडले. “गुन्हेगार दिवाणखाना आहे!”

“मग रविवारी सगळ्यांना इथे बसवायचं?”

“किती जण आहेत?”

“बावीस.”

मामांनी आत येऊन बादली बाजूला सारली आणि फरशी मोजायला घेतली.

आई गॅलरीतून वाळलेले कपडे घेऊन आली. बाथरूममध्ये स्टुलावर गिटार घेऊन बसलेली मुलगी आणि फरशी मोजणारा भाऊ, दोघांना तिने एकदा पाहून घेतलं.

“दादा, तारा जुनाट झाल्यात. काळ्या पडल्यात बघ. बदला की.”

“तारा निर्दोष आहेत,” मामांनी वही दाखवली. “लेखी आहे.”

“हे दर दोन महिन्यांनी बदलायचे.”

“आई, पण त्यांची बोटं...” मुलगी म्हणाली.

आईने कपडे पलंगावर ठेवले आणि तिला हाताला धरून गॅलरीत नेलं. “या कुंड्या कशावर टांगल्यात?”

तिने वर पाहिलं. जाड, पितळी वेटोळ्यांच्या तारा.

“पडदा कशावर सरकतो? फाटकाची कडी कशाने बांधलीय? वीस वर्षांत काढलेली एक तार टाकू दिली नाही मला. मी डोकं आपटून घ्यायची. घरभर त्यांची बोटं आहेत, बाई. तेवढ्यासाठी गिटारचा गळा कशाला दाबतेस?”

मामांनी वही हळूच मिटली.

त्याच संध्याकाळी नव्या तारा चढल्या. तिने सूर लावले आणि धूनची पहिली ओळ वाजवली. आवाज खोलीभर गेला, गॅलरीतून बाहेरही गेला. घड्या घालणारे आईचे हात थांबले. तिने मान वर केली नाही. ओळ संपेपर्यंत शर्टाची एक बाही तिने नुसती धरून ठेवली.

“तारांवर माझा पहिल्यापासून संशय होता,” मामा नाक पुसत म्हणाले. त्यांना अजून सर्दी होती, असं त्यांचं म्हणणं. “पण अशिलाच्या भावना जपाव्या लागतात.”

“हो का?” आई म्हणाली. मग तिने मुलीपुढे हात केला. “ती काढलेली जाडी तार इकडे दे. खिडकीतला वेल कधीचा लोंबतोय.”