गाडीला तंबाखू

आमच्या शेजारचे सुबराव अण्णा गाडीला तंबाखू घालतात. अगदी शुद्धीवर असताना, सकाळचा चहा झाल्यावर. पुढचं झाकण उघडायचं, तंबाखूची पानं फडक्यात बांधून केलेल्या पुरचुंड्या इंजिनाच्या सांदीकोपऱ्यांत ठेवायच्या, जुन्या काढून नाकाला लावून बघायच्या, आणि मग झाकण इतक्या हळू लावायचं की आत मूल निजलंय असं वाटावं.

“उंदरानं वायर खाल्ली न्हवं माझी,” ते म्हणतात. “आता ही खाऊन बघ म्हणावं.”

उंदीर गेले हे खरं. पण गार हवेचं बटण दाबलं की जाळीतून तंबाखूची भुकटी उडते आणि आत बसलेला माणूस शिंकून शिंकून बेजार होतो. बेळगावचा मेकॅनिक म्हांतेश डांबराच्या गोळ्या ठेवा म्हणाला होता. अण्णांना तो अपमान वाटला. निपाणीत जन्म घेऊन डांबराच्या गोळ्या विकत आणायच्या?

गाडी त्यांच्या वखारीत असते. या वखारीत मी कधीकाळी बायकांच्या रांगेत बसून तंबाखू निवडली आहे. तेव्हा तिथं इतकी माणसं असायची की बोललेलं ऐकू येत नसे. आता एक गाडी आहे. लाल, दोन माणसांची, वर कापडी टप, तोही बटण दाबलं की मागं दुमडून जातो. उंची म्हणाल तर कुत्र्याएवढी. रस्त्यात जमीन जाऊन पैसे आले तेव्हा गावात कुणी बंगला बांधला, कुणी मोठी जीप आणली. अण्णा बेळगावला गेले आणि हे घेऊन आले. साठी उलटलेला माणूस, पोरबाळ नाही, धंदा बसलेला. गाव हसलं. मीही हसले. हसण्यासारखंच होतं.

पण गाडी आणली एवढ्यावर भागलं नाही. अण्णांना मतं आली.

सकाळी सुरू केल्यावर इंजिन जरा वेळ नुसतं चालू ठेवायचं. “झोपेतनं उठल्या उठल्या कुणी तुमास्नी पळाय लावलं तर पळशीला व्हय?” ऑइल कंपनी सांगते त्याच्या आधीच बदलायचं. टायरची हवा रोज सकाळी स्वतःच्या काट्यानं मोजायची, पंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. धुताना बादल्या दोन, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची; एकीतलं फडकं दुसरीत गेलं तर अण्णा विटाळ झाल्यासारखे ओरडत. आणि पुसायला दुकानातलं पिवळं फडकं चालत नाही, ओरखडे उठतात. त्याला सुती पातळच पाहिजे, तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं.

पातळं अर्थातच ताराची. तारा म्हणजे त्यांची बायको. गल्लीत तिच्या तोंडाला कुणी लागत नसे.

“आक्का, बघा,” ती मला कुंपणावरून म्हणायची, “माझ्या अंगावरचं कापड विरायची वाट बघत बसतोय ह्यो माणूस. पदराला हात लावून बघतोय रोज. मला वाटलं म्हातारपणी काय सुचलं का काय!”

खरं मोठं मत मात्र वेगळं होतं. गाडीत काही बदलायचं नाही. एक खिळासुद्धा नाही. गावातली तरणी पोरं वखारीच्या दारात येऊन उभी राहायची. अण्णा, सायलेन्सर बदला, काय आवाज येईल! “मोठ्यानं बोलाय पायजे म्हणून घसा कापून घेतासा काय रं?” अण्णा, गाडी आणखी खाली घ्या, लई भारी दिसंल. “खाली? आता काय जमिनीत पुरू?” अण्णा, मागं पंख लावा. “त्येला शेपूट म्हणत्यात. माकडाला असतंय.” कॉम्प्युटर जोडून इंजिनाची ताकद वाढवतात असं एकानं सांगितलं, तर अण्णा म्हणाले, तब्येत चांगली असताना टॉनिक घेणारा माणूस आणि तू, दोघांनाबी डॉक्टर पायजे.

आणि शेवटी ठरलेलं वाक्य. बोट वर करून, शाळेत बाई म्हणायच्या तसं: “बनवणाऱ्यानं इचार केलाय. तू नगो करू.”

खंडेनवमीला सगळा गाव ट्रॅक्टर, मोटारसायकली धुऊन हळदीकुंकू लावतो, केळीचे खुंट बांधतो, कोहळा फोडतो. अण्णांनी रंगावर कुंकवाचं बोट लावू दिलं नाही. डाग पडतो म्हणे. शेवटी तारानं हातातलं ताट आपटलं तेव्हा टायरला लावायची परवानगी मिळाली, कारण टायर झिजणारच असतो.

तारा त्या गाडीत कधी बसली नाही. अण्णा म्हणायचे, “एकदा तरी बस. तवंदी घाट उतरून परत येऊ.” ती म्हणायची, “हिच्यात बसायचं का निजायचं? बैलगाडीतनं उतरताना पाय खाली सोडावा लागतोय, हिच्यातनं उतरताना वर घ्यावा लागतोय. मला न्हाय जमत. आधी तिला उभी करा, मग बसते.”

हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यांच्याऐवजी मी म्हणू शकले असते.

मग एका सकाळी ताराच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय गेला. तोंड वाकडं झालं. बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं, वाचली, आता व्यायामाला आणत जा, बोलणंही हळूहळू येईल, पण तिनं बोलायचं मनावर घेतलं पाहिजे. तारानं मनावर घेतलं नाही. घरी आणल्यावर तिनं भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. जिच्या आवाजानं आमच्या घरातलं मांजर उठायचं, ती हूं की चूं करेना. मी भाकरी घेऊन जायची, खाल्ली तर खाल्ली. गल्ली अशी शांत झाली की मला माझ्याच घरात करमेना.

व्यायामाला न्यायला अण्णांच्या पुतण्यानं आपली मोठी जीप आणली. ती उंच. चौघं जण पुढं झाले, दोघं डोक्याकडून, दोघं पायाकडून. तारानं चांगल्या हातानं खाटेचा गज धरला आणि सोडला नाही. पुतण्या म्हणाला, “काकी, हट्ट करू नगा.” ती नुसती बघत होती. चौघांनी उचलायला घेतलं की बाईला काय आठवतं, ते मला कुणी सांगायला नको. मी म्हटलं, “सोडा तिला. चौघांनी उचलायचं ते मेल्यावर. ती अजून जिवंत हाय.” पुतण्याला राग आला. येऊ दे.

अण्णा कोपऱ्यात उभे होते. त्यांनी खिशातून टेप काढला आणि खाटेची उंची मोजली. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन बेळगावला गेले आणि बसनं परत आले. गाडी म्हांतेशकडं ठेवली होती. पुढं काय झालं ते म्हांतेशनंच नंतर मला सांगितलं. अण्णा म्हणाले, डावीकडची सीट काढ. खाटेएवढ्या उंचीची दुसरी बसव, दाराकडं फिरणारी. गाडी खालून उचल, रस्त्यातल्या ब्रेकरवर आपटली नाही पाहिजे. म्हांतेशला वाटलं अण्णा चेष्टा करतायत. ज्या माणसानं नंबरप्लेटचा स्क्रू बदलला म्हणून आठवडाभर अबोला धरला होता, तो कापायला सांगतोय!

“ब्याड री, अण्णा,” म्हांतेश म्हणाला. नको म्हणून त्यानं हात जोडले. “गाडीची वॉरंटी जाईल.”

“जाऊ दे. माझी गेलीच हाय.”

“अवो, तुमीच म्हणत होता न्हवं? बनवणाऱ्यानं इचार केलाय.”

“त्येनं ताराचा इचार केला न्हवता,” अण्णा म्हणाले.

गाडी परत आली तेव्हा गाव पुन्हा हसलं, आणि या वेळी पोटभर हसलं. उंच उचललेली गाडी उडी मारायला बसलेल्या बेडकासारखी दिसत होती. डावीकडची सीट अशी वर आलेली की बसणाऱ्याचं डोकं पुढच्या काचेच्या वर जावं. टप लावायची सोयच राहिली नाही. सीटच्या उजव्या अंगाला एक जाड लोखंडी दांडी बसवलेली होती. वखारीतल्या जुन्या तंबाखू दाबायच्या यंत्राचा दांडा, वर ताराच्याच पातळाची चिंधी गुंडाळलेली. उजव्या अंगाला, कारण तोच हात चालत होता. कंपनीची सीट काढल्यामुळं समोर एक लाल दिवा लागला होता, तो काही केल्या विझत नव्हता. ज्या पोरांना अण्णांनी शेपूट आणि माकड ऐकवलं होतं ती दारात येऊन उभी राहिली. “अण्णा, हे कसलं मॉडिफिकेशन?” अण्णा दांडीवरची चिंधी घट्ट करत राहिले. मला मात्र त्या पोरांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

वखार घराला लागूनच; मधलं दार काढून अण्णांनी गाडी मागं घेत घेत खाटेला भिडवली. सीट फिरवली. सीट आणि खाट एका पातळीवर.

“उभी केली बघ,” ते म्हणाले. “आता बस.”

तारानं मान वळवली. भिंतीकडून इकडं. मी तिथंच होते. तिनं गाडी बघितली, सीट बघितली, दांडीवरची चिंधी बघितली. ती ओळखीची असणार. मग चांगला हात टेकून ती स्वतःच सरकली. मी पाय उचलून आत ठेवला, बाकी तिचं तिनं केलं. चौघं लागले नाहीत.

अण्णा खाली आपल्या सीटवर, तारा त्यांच्या शेजारी वर, अंबारीत बसल्यासारखी. अण्णांनी गाडी सुरू केली, ठरल्याप्रमाणं जरा वेळ नुसती चालू ठेवली. आणि गडबडीत की घाबरून, त्यांचा हात गार हवेच्या बटणावर पडला.

तारा शिंकली. पुन्हा शिंकली. शिंकता शिंकता तिचं वाकडं तोंड हललं आणि आतून एक शब्द आला, अर्धा चावलेला, पण आमच्या गल्लीला पाठ असलेला.

“जळ्ळी…” ती म्हणाली. “जळ्ळी ती तंबाखू!”

अण्णांनी गाडी बंद केली. उतरले, काटा घेतला आणि चारी टायरची हवा मोजायला लागले. हवा त्यांनी सकाळीच मोजली होती. एकेका टायरपाशी ते बराच वेळ खाली मान घालून बसले. मी आत जाऊन चहा ठेवला.

त्यानंतर ते तिला बेळगावला नेत राहिले. ऊन असलं की तारा डोक्यावर पदर घेऊन छत्री धरायची. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी काय समजायचं ते समजावं. ब्रेकर दिसला की अण्णा आधीच सांगायचे, “आलं गं,” आणि ती दांडी धरायची. मग गाडी तिरकी करून ते एकेक चाक असं वर चढवायचे, की जणू पाण्यानं भरलेली घागर आत आहे. संकेश्वरच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांसाठी फाट्यावर एक राक्षसी ब्रेकर होता. त्यावर तारा ठरलेलं बोलायची, असं अण्णा मला सांगायचे: “मेल्यानं डोंगर बांधलाय.” एवढं सगळं वाक्य तिला यायला लागलं होतं. चालणं आलं नाही. पण बोलणं येत होतं, शिव्या आधी, बाकीचं मागून.

पौषात दुसरा झटका आला आणि ती गेली. या वेळी चौघांनीच उचललं. तिच्या हाताला धरायला काही नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी कोल्हापूरकडचा एक माणूस गाडी बघायला आला. पुतण्यानंच पाठवला असणार. गाडीभोवती फिरून तो म्हणाला, इंजिन उत्तम ठेवलंय, पण हे उचललेलं खाली घ्या, कंपनीची सीट परत बसवा, तो लाल दिवा घालवा, मग बोलू. कंपनीची सीट माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलेली होती. म्हांतेशला ते काम सकाळी सुरू करून जेवणाच्या आत झालं असतं.

“दिवा जळू दे,” अण्णा म्हणाले. “न्हाय इकायची.”

माणूस चिडून गेला. मी अण्णांना स्पष्ट म्हटलं, “अण्णा, तिच्यामागं ही काय उपयोगाची? ना टप लागतोय, ना घाट चढताना झेपतीया.”

“आक्का, ऑइल बदलाय आलंय,” ते म्हणाले आणि झाकण उघडून पुरचुंड्या बघायला लागले.

मागच्या आठवड्यात मला डोळे दाखवायला संकेश्वरला जायचं होतं. बसची वाट बघत होते तर ती लाल बेडकी शेजारी येऊन उभी राहिली. “बसा आक्का.” मी कधी बसले नव्हते. माझे गुडघे काही कामाचे राहिले नाहीत, पण ती सीट बाहेर फिरली आणि मी खाटेवर बसावं तशी बसले. उंची बरोबर होती. चिंधी बदललेली नव्हती.

वाटेत अण्णा आपली मतं सांगत होते. ब्रेकच्या ऑइलाला दमट हवा कशी लागते, टायर पुढचे मागं कधी लावायचे. मी ऐकत नव्हते. माझं डोकं काचेच्या वर, वारा तोंडावर, डोळ्यांतून पाणी. डोळे तसेही खराबच आहेत.

संकेश्वरच्या अलीकडं फाटा आला. तिथं आता ब्रेकर नाही. रस्ता रुंद करताना उखडून टाकला. सपाट, काळं डांबर आहे, मला अधू डोळ्यांनीसुद्धा दिसत होतं. गाडी हळू झाली, तिरकी झाली.

“आलं गं,” ते हलक्या आवाजात म्हणाले.

मागून उसाचा ट्रॅक्टर हॉर्नवर हॉर्न देत होता. अण्णा सपाट रस्त्यावर एकेक चाक जपून वर चढवत होते, जपून खाली उतरवत होते. सांगायला मी तोंड उघडलं होतं. मला खोटं चालत नाही, ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मी दांडी धरली.