उलटे टोमॅटो

ताश्कंदच्या जुन्या मोहल्ल्यातलं अंगणाचं घर पाडलं गेलं आणि तुर्गुन-अका बायकोसह चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आले. होसियतनं तक्रार केली नाही, फक्त टोमॅटो खाणं सोडलं.

"बाजारचे टोमॅटो म्हणजे नुसतं पाणी," ती म्हणायची. "आपले गुलाबी कसे होते! कापले की शेजारीण वास घेत यायची."

बाल्कनीत कुंडी ठेवायला जागा नव्हती. अकांनी रंगाच्या रिकाम्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडली, रोपं त्यांतून खाली सोडली, स्पंजचे बोळे लावले आणि बादल्या कठड्याबाहेरच्या दांडीला टांगल्या.

"अहो, ही रोपं आहेत की वटवाघळं?" होसियत म्हणाली. पण पाणी घालायला तीच आधी धावली.

ते पाणी गाळासकट खालच्या मुकर्रम-ओपाच्या वाळत घातलेल्या रजयांवर उतरायचं. बाई तणतणत वर आली.

"अका, उद्या आमच्या नासिबाला बघायला येतायत. उद्या एक थेंब जरी पडला ना, तर माझी पोर तुमच्या गळ्यात!"

"थेंबही नाही पडणार," अकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की पानं माना टाकू लागली. पाहुण्यांना अजून वेळ आहे, तोवर निथळेल, म्हणून अकांनी गुपचूप पाणी घातलं. ते वळले आणि होसियतनंही तोच विचार करून गुपचूप घातलं. चिखल फुगला, बोळा निसटला आणि मधलं रोप मातीसकट सुटलं.

खाली वेळेआधीच आलेली नवऱ्या मुलाची आजी, अदोलत, वारा खायला कठड्याशी वाकली होती. रोप तिच्या पांढऱ्या ओढणीवर बसलं.

पाठोपाठ जिन्यात पावलं वाजली. अकांनी दार उघडलं. समोर आजी, खांद्यावर चिखल, हातात रोप.

"हे कुणाचं?"

"माझं," अका म्हणाले.

"माझं," आतून होसियत म्हणाली.

आजीनं पान चुरगाळून नाकाशी नेलं.

"गुलाबी?" तिनं विचारलं.

"गुलाबी. आमच्या अंगणातलं बी," होसियत म्हणाली.

"आमच्याकडे विहिरीकाठी असायचे. सासूची नजर चुकवून मी मीठ लावून खायचे. आता मुलाकडे नवव्या मजल्यावर असते. खिडकी उघडली की धूळ."

होसियतनं चहा ओतला. गप्पांत अंगणं निघाली, तुतीची झाडं निघाली, गेलेल्या सासवा निघाल्या. पिकलेला एकमेव टोमॅटो कापून तिघांनी खाल्ला. होसियतनं फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले.

खाली पुलाव निवत होता. अखेर रडकुंडीला आलेली मुकर्रम-ओपा वर आली. "आजी, माफ करा हो! चला ना खाली, मुलगी बघायची राहिलीय!"

"आता बघायचं काय त्यात? आमचा होकार," आजी बशी पुसत म्हणाली. "फक्त एक अट. नातसून माहेरी आली की सोबत मीही येणार. ती उतरेल तिसऱ्या मजल्यावर, मी चौथ्यावर."