कुंकू लागलेला स्क्रू

एका जंगलात लोखंडी दारांची लाट आली. जो तो आपल्या बिळाला पत्र्याचं दार लावू लागला. दार म्हटलं की हवेला भोकं हवीत, नाही का? नाहीतर आत पिल्लं गुदमरायची.

मग पंचायतीने पत्रा कापायचं यंत्र आणलं. त्याच्या टोकाला विजेची निळी ज्योत. ती पत्र्याला टेकत नाही, वरच्या वर फिरते आणि लोखंड लोण्यासारखं कापते. जरा मागे सरका रे, ठिणगी उडते.

पण हे यंत्र आंधळं. ज्योत पत्र्यापासून किती वर आहे ते त्याला दिसत नाही. मग ते काय करतं? ज्योतीचं व्होल्टेज मोजतं. ज्योत वर गेली की व्होल्टेज वाढतं, खाली आली की कमी होतं. त्यावरून अंदाज बांधून यंत्र ज्योत वरखाली करतं. आता मोजण्यातच चूक असली तर? म्हणून यंत्राच्या पोटात एक बारका स्क्रू होता. तो फिरवून पडद्यावरचा आकडा खऱ्या आकड्याशी जुळवून घ्यायचा.

यंत्र कोल्ह्याच्या ताब्यात होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. स्क्रू जुळवायचं त्याच्या मनात होतं, पण मध्ये दसरा आला. बगळेभटांनी यंत्राची पूजा केली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. झाकण उघडंच होतं. कुंकवाचं एक बोट त्या स्क्रूवरही टेकलं.

झालं! कोल्ह्याने हात जोडले. "भटजींनी सील केलं. आता याला कुणी शिवायचं नाही."

त्याच जंगलात ठकू नावाची सशीण राहायची. तिला चार पिल्लं झाली होती. डोळेसुद्धा उघडले नव्हते त्यांचे. तिने मिस्त्रीला बजावून सांगितलं, "माझं एक बोट जाईल एवढीच भोकं पाडा हो. हवा आत यावी, नागोबा येऊ नये."

दार कापून झालं. ठकूने भोकात बोट घातलं, तर अख्खा पंजा कोपरापर्यंत गेला.

"अहो मिस्त्री, ही भोकं आहेत की खिडक्या?"

"वहिनी, पडद्यावर एकशेवीस व्होल्ट आहे. पंचायतीने मला एकशेवीसच सांगितलेत."

"पण ज्योत बघा ना किती वर चालतेय! पिचकारी लांबून मारली की पाणी पसरतं, तशी पसरतेय ती. तो व्होल्टेज मोजायचा वेगळा हातमीटर आहे ना, तो लावून बघा एकदा."

कोल्ह्याने कुरकुरत हातमीटर लावला. पडद्यावर एकशेवीस. हातमीटरवर एकशेचाळीस.

"बघितलंत?"

"बघितलं. हातमीटर बिघडलाय."

"तोच बिघडला कशावरून?"

"आता काय सांगायचं तुम्हाला! त्याला कुंकू आहे का कुठे?"

ठकू तपासनिसाकडे गेली. भोकांचा तपासनीस कोण होता माहितेय? नागोबा. त्याचा जन्म बिळात गेलेला. भोकांची पारख त्याच्याइतकी कुणाला असणार?

नागोबा आला. एका भोकातून आत गेला, दुसऱ्यातून बाहेर आला.

"वा! कुठे खरचटलं नाही. अगदी मापात आहे."

"कुणाच्या मापात, साहेब?"

"तपासणी मी करतोय की तुम्ही, बाई?" नागोबाने तपासणीच्या कागदावर सही केली. "बरं, पिल्लं किती म्हणालात? चार ना?"

"मी काहीच म्हणाले नाही!"

"असू दे, असू दे. परवा दार बसवा. मी जातीने येईन बघायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हा नदीवर खेकडे खायला गेला. खेकड्यांनंतर तो तिथेच झोपायचा, हे ठकूला ठाऊक होतं. ती यंत्राच्या शेडमध्ये शिरली. तिने आधी मुख्य बटण बंद केलं. तुम्ही तर असल्या वस्तूला बटण बंद करूनही हात लावायचा नाही, कळलं? तिचा जीव पिल्लांत होता म्हणून तिने लावला.

तिने स्क्रू थोडा फिरवला. यंत्र चालू करून दोन्ही आकडे बघितले. जुळेनात. बंद केलं, परत फिरवला. पाचव्या खेपेला पडद्यावरही एकशेवीस आणि हातमीटरवरही एकशेवीस. ज्योत अलगद खाली आली. भोक पडलं ते बरोबर बोटाएवढं. तिने नवं दार कापलं, जुनं भंगारात खाली दडवलं.

मग तिचं लक्ष स्क्रूकडे गेलं. फिरवताना कुंकू पुसलं गेलं होतं. पूजेचं ताट तिथेच पडलेलं होतं. ठकूने होता तिथेच, होता तेवढाच लाल ठिपका दिला.

दार बसवायच्या दिवशी सगळं जंगल जमलं. नागोबा ऐटीत पुढे झाला. त्याने भोकात डोकं घातलं, थोडी मान घातली आणि अडकला. आत जाईना, बाहेर येईना.

"मिस्त्री! भोक लहान झालंय!"

कोल्हा शेडमध्ये धावत गेला आणि धावत परत आला. "नाही साहेब. सील जागच्या जागी आहे, आकडाही तोच आहे. शिवाय तपासणीच्या कागदावर तुमचीच सही आहे. तेव्हा तुम्हीच जाड झालात."

"पंचायतीचं यंत्र खोटं कसं बोलेल?" सगळे म्हणाले.

बगळेभटांनी डोळे मिटले आणि नागोबाला नऊ दिवसांचे कडक उपास सांगितले.

ठकूने आतून त्याच्या तोंडावर नारळाची करवंटी बांधली. नऊ दिवस ते दार नागोबासकट उघडत होतं आणि नागोबासकट लागत होतं. तेवढ्या दिवसांत पिल्लांचे डोळे उघडले, पायांत बळ आलं. दहाव्या दिवशी नागोबा वाळून सुटला, तेव्हा ती चौघं टेकडीच्या पलीकडे उड्या मारत होती.

"वहिनी, असं कसं झालं हो?" कोल्ह्याने ठकूला विचारलं.

"मला बाई मशीनमधलं काय कळतंय!" ठकू म्हणाली.

तात्पर्य : यंत्र चुकतंय असं खरं बोलायला जाऊ नये, लोक आपल्यालाच चुकीचं ठरवतात. गुपचूप स्क्रू फिरवावा आणि आठवणीने कुंकू लावावं.