दोन सायकलींचा तोटा

पुष्पलताला बघायला येणारं हे सातवं स्थळ होतं. आधीची सहा पोहे खाऊन गेली ती गेलीच. म्हणून कोराडीच्या वीज केंद्रात कारकून असलेल्या चंद्रभानजींनी लेकीला सकाळीच बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोल, हुशारी दाखवू नको. हेही हुकलं तर आठवं येणार नाही, अशी धास्ती घरात तिघांनीही घेतली होती.

मुलाचे वडील नानाजी हे काटोलचे निवृत्त गणित मास्तर. त्यांनी ना गाणं विचारलं, ना स्वयंपाक. बशी बाजूला सारून त्यांनी सरळ उदाहरण घातलं. एकानं दोन सायकली एकशेवीस-एकशेवीस रुपयांना विकल्या. एकीवर वीस टक्के नफा, दुसरीवर वीस टक्के तोटा. एकूण काय झालं?

"काईच नाई. बरोबरी झाली," मुलगा मधुसूदन पटकन म्हणाला. चंद्रभानजींनीही मान डोलावली. त्या वेळी पुष्पलता गप्प बसती तर तिचं लग्न होऊन गेलं असतं.

"दहा रुपये तोटा," ती खाली मान घालून म्हणाली. "एक शंभराची होती, एक दीडशाची. अडीचशाचा माल दोनशेचाळीसात गेला. चार टक्के."

नानाजींना भरतं आलं. त्यांनी आणखी तीन उदाहरणं घातली. तिन्ही तिची बरोबर आली, तिन्ही मधुसूदनची चुकली, आणि मास्तरांनी भर बैठकीत लेकाचे वाभाडे काढले. खात्याच्या परीक्षेत तो दोनदा नापास झालाय, हेही त्या भरात बाहेर पडलं.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं. मुलाचा नकार होता. मात्र मे महिन्यात त्याची पुन्हा परीक्षा असल्यानं मुलीनं त्याला दर रविवारी गणित शिकवावं, महिना वीस रुपये देऊ, असंही खाली लिहिलं होतं. चंद्रभानजी संतापले. आईला मात्र आशा सुटेना.

"येऊ द्या नं त्याले," ती म्हणाली. "दर रविवारी भेट होऊन राहिली तं मन बदलते माणसाचं."

मधुसूदन सतरा रविवार आला, पोहे खाल्ले, पास झाला आणि त्याला बढती मिळाली. बढती मिळालेल्याला स्थळांची काय कमी? दिवाळीनंतर त्याच्या लग्नाची पत्रिका आली, मुलगी कामठीची. पुष्पलता कोणासमोर रडली नाही, पण दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

मग त्याच्याच कचेरीतले तिघं शिकवणीला आले, तिघंही बिनलग्नाचे. आईनं पुन्हा कढई चढवली. वर्षभरात दोघं पास झाले आणि दोन पत्रिका आल्या. जो पास होई तो जाई, एवढं आता त्या घराला पाठ झालं होतं.

उरला वसंत. त्याच्या डोक्यात टक्केवारी शिरत नसे, पण आपली बशी तोच उचलून मोरीत ठेवी, आणि "तुमी जेवल्या काय?" हे तिला आजवर त्या एकट्यानंच विचारलं होतं. तो यायचा म्हणून ती रविवारची वाट पाहू लागली होती. आणि परीक्षा तर चार दिवसांवर आली होती.

शेवटच्या रविवारी त्यानं वही पुढे केली. "पहा बरं. ह्येच उदाहरण येते म्हणतात परीक्षेत."

तिनं पाहिलं. आठ टक्के तोटा यायला हवा तिथं त्यानं साडेबारा टक्के नफा काढला होता.

पुष्पलतानं लाल पेन्सिल घेतली आणि त्याच्या उत्तरावर बरोबरची ठसठशीत खूण केली.