साहेबांची बिस्किटं

शिर्के काका बिस्किट हातात घेतलं की आधी स्टीलच्या ताटलीवर आपटतात आणि कान जवळ नेऊन आवाज ऐकतात. 'टण्ण' वाजलं तर नापास. 'थप्प' वाजलं तर पास.

बिस्किटं कुत्र्यासाठी असतात हे आधीच सांगून टाकते. मी निगडीच्या या गल्लीत राहायला आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. शेजारधर्म म्हणून काकांकडे गेले, ओट्यावर गरम बिस्किटं दिसली आणि न विचारता दोन खाल्ली.

"छान झालीत काका. मीठ जरा कमी वाटतंय."

"साहेबांना मीठ चालत नाही," काका गंभीरपणे म्हणाले.

मला वाटलं, असतील कुणी रक्तदाबवाले निवृत्त अधिकारी. तेवढ्यात साहेब स्वतःच फाटकाखालून सरपटत आत आले. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. साहेब थेट ओट्याखाली जाऊन बसले. बिस्किटांत नाचणीचं पीठ, लाल भोपळा, अंडं आणि कुटलेली सुकट असते, हे मला त्यानंतर कळलं. मी जन्माची शाकाहारी. दोन दिवस जेवण गेलं नाही.

काका मूळचे चिपळूणकडचे. सगळी नोकरी एका कारखान्यात भट्टीवर झाली. गिअरचे दाते तापवायचे, तेलात बुडवायचे, कडक करायचे. त्यामुळे घरातल्या ओव्हनलाही ते भट्टीच म्हणतात. ओव्हनच्या बटणावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पिंपरीच्या बाजारातून जुना तापमापक आणून त्यांनी तो ओव्हनच्या दाराला तारेनं बांधलाय. बिस्किटं आत गेली की फोन घेत नाहीत, दार उघडत नाहीत. "चार्ज आत आहे मॅडम, नंतर या," असं खिडकीतूनच ओरडतात. भट्टीत घातलेल्या मालाला कारखान्यात चार्ज म्हणायचे. नाशिकहून मुलगी फोन करते, तिलाही हेच उत्तर. ती बिचारी मला फोन करून विचारते, "बाबांचा चार्ज बाहेर आला का हो?"

साहेब काकांचे नव्हते. ते समोरच्या गराडे काकांचे. गराडे मावळातले. "दिवसभर झोपतंय आन् जेवाय वेळंवर येतंय, मग साहेबच की ह्यो," म्हणून त्यांनीच हे नाव ठेवलं.

शिर्के आणि गराडे एकाच भट्टीवर, एकाच शिफ्टला होते. एकाच डब्यात जेवायचे. घरंही समोरासमोर घेतली. मग कंपनीत संप झाला. नवव्या दिवशी शिर्के काका संप सोडून कामावर गेले. बायको दवाखान्यात होती, इलाज कंपनीच्या कार्डावर चालू होता. गेटबाहेर बसलेल्या गराड्यांनी त्यांना बसमधून आत जाताना पाहिलं. शिर्क्यांनी कधी कारण सांगितलं नाही, गराड्यांनी कधी विचारलं नाही. संप मोडला, गराड्यांची नोकरी गेली, त्यांनी पुढं टेम्पो चालवला. शिर्के काकूही फार जगल्या नाहीत. समोरासमोरच्या घरांत अठरा वर्षं अबोला.

अबोला मोडला तो साहेबांमुळे. म्हणजे तसा मोडला नाहीच. साहेब पिल्लू असताना शिर्क्यांच्या फाटकात आले, काकांनी दुकानातलं बिस्किट टाकलं. समोरून आवाज आला, "साहेब, मैदा खाऊन खरूज झाली तर माज्याकडं येऊ नगा!"

अठरा वर्षांतलं हे पहिलं वाक्य, आणि तेही कुत्र्याला. शिर्के काकांना ते फार लागलं. त्याच आठवड्यात घरात ओव्हन आला.

तेव्हापासून गल्लीतला सगळा व्यवहार साहेबांमार्फत.

"साहेब, मालकांना सांगा, टाकी भरून वाहतेय. काय समजलात?"

"साहेब, त्यांना म्हनावं आमचं डोळं शाबूत हायती."

"साहेब, आज हळद जरा जास्त पडलीय, पोटावर लक्ष ठेवायला सांगा."

मधल्या रस्त्यावर बसून साहेब एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवायचे. मला तर वाटायचं, आता हे सही करतील.

साहेब म्हातारे झाले, दात पडायला लागले. तोवर काकांकडे 'टण्ण' पास होता. आता नियम उलटा झाला. महिनाभर त्यांचे प्रयोग चालले. भोपळा वाढवला, आच कमी केली, तरी बिस्किट कडकच. मी म्हटलं, "काका, सरळ पाण्यात भिजवून द्या की."

ते ओव्हनकडे बघत बसले होते. "कडक कोणीपण करतो हो. मऊ करायला हात लागतो. आम्हाला तेवढं कुणी शिकवलं नाही."

गेल्या थंडीत साहेब गेले. सकाळी गराड्यांच्या मुलानं गल्लीत सांगितलं आणि तो चाकणला कामावर गेला. सूनही कामावर गेली. त्या वेळी शिर्के काकांचा चार्ज आत होता. तो बाहेर निघाल्याचा आवाज काही आला नाही. नुसता करपल्याचा वास आला.

दोन दिवस दोन्ही दारं बंद. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, शिर्के काका माझ्या फाटकात उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा.

"मॅडम, जरा चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

त्यांनी समोर मान वळवली. त्यांना तो रस्ता ओलांडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. ओलांडलाही त्यांनी माझ्या मागून.

गराडे काका ओसरीवर खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. आम्हाला बघून उठले नाहीत.

शिर्के काका माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मॅडम, यांना सांगा, फार वाईट झालं."

गराडेही माझ्याकडेच बघत म्हणाले, "त्यांना म्हनावं, व्हय."

"सांगा, बिस्किटं आत्ता नव्यानं केलीत. सवयीनं केली. घरात ठेवून काय करू, म्हणून आणलीत."

"म्हनावं, ठिवा."

आणि दोघंही थांबले. मी निरोप पोचवायचा होता. हाताच्या अंतरावर दोन म्हातारे, आणि मी चौथीला शिकवणारी बाई. वर्गात कितीतरी भांडणं मिटवते. इथे मला एक शब्द सुचेना. दोघं माझ्याकडे बघत राहिले.

शेवटी शिर्क्यांनी डबा माझ्या हातात दिला. आपला हात शर्टाला पुसला.

"दत्तू," ते म्हणाले, "जेवलास का?"

गराडे काकांनी वर पाहिलं.

"न्हाई रं," ते म्हणाले. "परवापासनं काय जाईना."

"चल. भात टाकतो."

गराडे काका खुर्चीचा हात धरून उठले. पायानं चपला चाचपल्या, सापडल्या नाहीत, तसेच अनवाणी पायरी उतरले. शिर्क्यांनी दंडाला धरलं. दोघं रस्ता ओलांडून गेले.

मी डबा घेऊन परक्याच्या ओसरीवर उभी होते. मुलगा-सून बाहेर गेलेले, घरात कुणी नव्हतं आणि दार सताड उघडं होतं. ते मी ओढून घेतलं.