एक्केचाळीस नंबरचं माहेरपण

निमखेडच्या कोर्टातली फाइल अपिलात जिल्ह्याला गेली की ती सासरी गेली असं धरतात, आणि तिला माहेरी परत आणायची तर मुराळी म्हणून जावं लागतं. नक्कल मिळवायची हीच रीत आहे. जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूमच्या दारावर तशी पाटी लावलेली आहे, पाटीवर गोल शिक्का आहे, आणि तरीही लोक नुसता अर्ज घेऊन जिल्ह्याला जातात आणि हात हलवत परत येतात. आता पाटी न वाचणाऱ्याला देव तरी काय करणार?

तळेवाडीची मथुरा कुंभार अशीच हात हलवत परत आली होती. तिला एक्केचाळीस नंबरच्या दाव्याच्या निकालाची नक्कल हवी होती. हा दावा तिच्या सासऱ्यानं, रामा कुंभारानं, ऐन दुष्काळाच्या साली लढवून जिंकलेला. तळ्याकाठच्या पट्ट्यातली माती कुंभारांनी पिढ्यानपिढ्या काढावी, कुणी आडवं येऊ नये, असा निकाल. समोरचे ढमढेरे अपिलात गेले, तिथंही तोंडावर पडले. पण अपिलापायी फाइल जिल्ह्याला गेली ती गेलीच. तिथंच नांदायला लागली.

इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. पण गेल्या दिवाळीत ढमढेऱ्यांचा नातू व्यंकटराव यानं त्या पट्ट्याला सिमेंटचे खांब रोवून तारेचं कुंपण घातलं. त्याला तिथं मंगल कार्यालय काढायचं होतं. मथुरेचं चाक त्या दिवसापासून बंद पडलं. माती काय कुठलीही मिळते, पण तळ्याच्या मातीचं मडकं पाणी गार करतं आणि माळावरच्या मातीचं मडकं भट्टीतच तडकतं. नवरा दम्यानं खाटेला खिळलेला, घर सगळं चाकावर. ती कोर्टात गेली. जज्जबाई भल्या होत्या, त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की पंचमीच्या दुसऱ्या दिवशी तारीख आहे, तोवर जुना निकाल माझ्यासमोर आणा. नाही आणलात तर कुंपण राहील, माझा इलाज नाही.

जिल्ह्याहून हात हलवत परत आल्यावर ती निमखेड कोर्टाच्या नाझराकडे गेली. खंडागळे नाझर हे निमखेडच्या सगळ्या फाइलींचे पदसिद्ध वडील. लेकी सासरी गेलेल्या बापासारखाच त्यांचा चेहरा झालेला. त्यांनी मथुरेला बाकावर बसवून नीट समजावलं. एक्केचाळीस नंबर आपली लेक आहे, पण बाप उठून लेकीच्या दारात गेला तर शोभत नाही. वादीकडच्या माणसानं मुराळी म्हणून जावं, शिदोरी न्यावी, नवं बासन न्यावं, आणि गेल्या गेल्या विषय काढू नये. पंचमी तोंडावर आहे, हंगाम चांगला आहे. तिथले अभिलेखपाल वरखेडकर हे पदसिद्ध सासू आहेत. जरा जपून बोला, एवढं म्हणून नाझरांनी डोळे पुसले.

मथुरा घरी आली आणि कानवले तळायला बसली. तळता तळता तिला भरून आलं. तिला भाऊ नव्हता. लग्न होऊन तळेवाडीत आल्यापासून दर पंचमीला आळीतल्या बायका भावाबरोबर एसटीत बसून जायच्या आणि ही दारात उभी राहून त्यांना निरोप द्यायची. तिच्या दारात मुराळी कधी आलाच नाही. आता तीच मुराळी होऊन निघाली होती. एक्केचाळीस नंबरही बिचारी अशीच वाट बघत असेल, या विचारानं तिनं तूप हात सैल सोडून घातलं.

जिल्ह्याच्या कोर्टाची रेकॉर्ड रूम तळघरात आहे. वरखेडकर दारातच खुर्ची टाकून बसले होते. पिळदार मिशा, कपाळाला आठ्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जुडगा कमरेलाच हवा असं सासूपदाच्या नियमात आहे. मथुरेनं वाकून नमस्कार केला, कानवल्याचा डबा पुढं ठेवला आणि पाऊसपाण्याचं बोलायला सुरुवात केली.

वरखेडकरांनी कानवला खाल्ला, बरा झालाय म्हणाले, आणि मग पहिली खोड काढली. मुराळी पुरुषमाणूस असतो, बाई कशी आली?

"पाटीवर मुराळी लिहिलंय, मिशा लिहिल्या न्हाईत," मथुरा म्हणाली.

वरखेडकरांनी दारावरची पाटी वाचून बघितली. खरंच लिहिलेल्या नव्हत्या. मग ते म्हणाले, घरात तपासणीचं कार्य आहे, वरून साहेब यायचेत. एक्केचाळीस नंबर थोरली सून; तिच्या जिवावर सगळी मांडणी उभी आहे, ती गेली तर धाकट्या फाइली अंगावर कोसळतील. शिवाय व्यंकटराव ढमढेरे परवाच पेढे घेऊन येऊन गेले. फाइलीच्या नावात त्यांचंही नाव आहे, म्हणजे तेही नात्यातलेच. त्यांचं म्हणणं, लेक दिवाळीनंतर धाडावी. काय घाई आहे?

दिवाळीनंतर धाडली तर तोवर पट्ट्यावर मांडव चढलेला असणार. पण ती शहाणी, तोंडावर काही दाखवलं नाही. मुराळ्याला भेट नाकारता येत नाही, तेवढा हक्क तिनं मागून घेतला आणि आत गेली.

एक्केचाळीस नंबर तिसऱ्या फळीवर होती. जुनं विटकं बासन, कडा कुरतडलेल्या, पण अंगानं चांगली भरलेली. मथुरा समोर खाली बसली आणि रीतीप्रमाणे माहेरच्या गोष्टी सांगायला लागली. तळं यंदा भरलंय. देवळाला नवा रंग दिलाय. पारावरचा पिंपळ वादळात पडला. एवढ्यात फळीवर करकर वाजलं आणि फाइल बोटभर पुढं सरकली. ती रामाची खुशाली विचारत होती, आणि मुराळ्यानं सांगायचं नाही तर कुणी सांगायचं? तिनं सांगून टाकलं की रामा कुंभार वारले. शेवटपर्यंत म्हणत होते, आपली फाइल शहाणी, कोर्टात एक शब्द इकडचा तिकडं केला नाही.

वादी मयत झाल्याचं फाइलीला कुणी कळवलंच नव्हतं. बासनाला ओल सुटली आणि बघता बघता खालच्या फळीवर थेंब पडायला लागले. मथुरेनं पदरानं टिपून घेतलं, आणि दोघी बराच वेळ रडल्या.

वरखेडकरांनाही ते बघवलं नसावं. सासू झाली तरी माणूसच. पण पेढे खाल्लेले होते, त्यामुळे त्यांनी शेवटची खोड काढली, आणि ती जरा आवाज उतरवून काढली.

"धाडली असती हो. पण तिला दिवस गेलेत. नववा सरत आलाय. एसटीचा खडखडाट सोसायचा नाही तिला."

मथुरा उठून उभी राहिली. निकाल कुणी मोडला की फाइलीला दिवस जातात, हे शेंबडं पोरही सांगेल. दिवाळीला खांब रोवले, आता श्रावण चाललाय. हिशेब बरोबर जुळत होता. आणि वरखेडकर काय बोलून बसले, हेही तिच्या झटक्यात लक्षात आलं.

"कितवी खेप?" तिनं विचारलं.

"पहिलीच."

"पहिलटकरीण सातव्यातच म्हायेरी धाडायची असती, सासूबाई. तुमी नववा सरंस्तोवर डांबून ठिवली. आता पहिलं बाळतपण कुठं व्हायला पायजे, ते तुमीच सांगा."

वरखेडकरांनी मिशीवरून हात फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला. पहिलं बाळंतपण माहेरी, याला जिल्ह्यात काय, कुठल्याच कोर्टात तोड नाही. या रिवाजावर अपीलसुद्धा चालत नाही. त्यांनी कमरेचा जुडगा काढून हेडकारकुनाच्या हातात दिला आणि स्वतः वर चढून फाइल उतरवली. मथुरेनं नवं लाल बासन नेसवलं, हळद-कुंकू वाहिलं. निघताना वरखेडकर दारापर्यंत आले आणि गाडी सावकाश चालवायला सांगा, असं दोनदा म्हणाले. मथुरेला तेव्हा ते आवडले.

एसटीत उभं राहायला जागा नव्हती. कंडक्टरनं गठ्ठा बघून सामानाचं तिकीट फाडायला घेतलं, तर मथुरेनं सांगितलं की बाळंतपणाला चाललीय. लगेच पुढच्या सीटवरचे दोन बाप्ये उठले. ड्रायव्हरनं सगळ्या खड्ड्यांतून गाडी दमानं घेतली. पंचमी एक्केचाळीस नंबरनं तळेवाडीत केली. आळीतल्या बायकांनी तिला फेरात मधे बसवून गाणी म्हटली.

दुसऱ्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. व्यंकटरावांचा वकील उभा राहून छातीठोक सांगत होता की असा कुठला निकाल झालेलाच नाही, झाला असेल तर तो आता निपुत्रिक मरून गेलाय, त्याच्या जोरावर कुणी काही मागू शकत नाही. हे ऐकलं आणि मथुरेच्या मांडीवर एक्केचाळीस नंबरला कळा सुरू झाल्या. जज्जबाईंनी ताबडतोब कामकाज थांबवलं. बाप्ये बाहेर काढले, खिडक्यांना पडदे ओढले, आणि नक्कल विभागातल्या दोघी अनुभवी बायका आत गेल्या. नाझर खंडागळे व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. वकीलसुद्धा चपला काढून बाकावर बसला.

आतून टाहो ऐकू आला तेव्हा सगळं आवार उठून उभं राहिलं. हुकूम झाला होता. चांगला ठसठशीत, सहीशिक्क्यानिशी जन्मलेला. कुंपण काढावे, वादीच्या वारसास माती घेऊ द्यावी. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. नाझरांनी पेढे वाटले, पहिला पेढा व्यंकटरावांच्या वकिलाला दिला, आणि त्यानं तो खाल्ला.

पण हुकूम रडायचा थांबेना. छातीशी धरलं, जोजवलं, मीठमोहऱ्या उतरवल्या, काही उपयोग नाही. जज्जबाईंनी ओळखलं. त्या म्हणाल्या की बजावला जाईपर्यंत हुकूम रडतोच, त्याला दुसरं औषध नाही. मग बेलिफानं त्याला दुपट्यात गुंडाळला, मथुरेनं बाळंतिणीला घेतलं, आणि सगळी वरात तळेवाडीला निघाली.

व्यंकटराव कुंपणाच्या आत हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी सांगितलं, बारसं होऊ द्या, नाव ठेवा, मग बघू. बेलिफानं वाचून दाखवलं, ते ऐकेनात. हुकूम टाहो फोडत होता. तळ्यावरचे बगळे उठून गेले, गुरं दावी ओढायला लागली, आणि कुंपणाला लागून असलेल्या घरातून व्यंकटरावांची म्हातारी आई गोदूबाई काठी टेकत बाहेर आली. तिला या दाव्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि करून घ्यायचंही नव्हतं. तिनं दुपटं बाजूला करून बघितलं. मग लेकाकडं वळली.

"येंकट, लेकरू निळं पडाया आलं, आन तू हाताची घडी घालून हुबा? काढ त्ये खांब."

व्यंकटराव पन्नाशीचे, दोनदा सोसायटीचे चेअरमन झालेले. पण आईपुढं चेअरमन कसला नि काय कसलं. त्यांनी सदरा काढला आणि स्वतःच्या हातानं पहिला खांब हलवायला लागले. मग गावातले आणखी चौघे धावले. एकेक खांब निघेल तसा रडण्याचा जोर कमी होत गेला. टाहोची मुसमुस झाली, मुसमुशीचे हुंदके झाले. तारेचं भेंडोळं गोदूबाईनं अंगणात नेऊन ठेवलं, पडवळाला मांडव करायला.

शेवटचा खांब निघाला आणि तळ्याकाठी एकदम शांत झालं. पट्टा पहिल्यासारखा मोकळा, काळाभोर, पाण्यापर्यंत उतरत गेलेला. लोकांना वाटलं आता ही बाई हर्षानं ओरडेल, आणि तिच्या मनात तसं होतंही. कितीतरी महिन्यांचं साठलेलं होतं. पण मथुरेनं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं, पदर खोचला, आणि पहिली कुदळ अगदी हलक्या हातानं मारली. हुकुमाचा नुकताच डोळा लागला होता.