ड्रॉइंग वरून येतं

दहा महिने आमच्या दारासमोर रोज सकाळी एक माणूस डोळे मिटून उभा असायचा.

मी शाळेत गणित शिकवतो. सातच्या तासाला पोचायचं तर साडेसहाला स्कूटर सुरू झाली पाहिजे. घाईघाईनं दार उघडावं, तर समोर साळवेकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, पायात रबरी चपला, दोन्ही हात छातीशी आणि डोळे गच्च मिटलेले. बडोद्याच्या मांजलपूरमधली आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही आणि जिना असा की एक माणूस ध्यानाला लागला की दुसऱ्यानं घरीच बसावं.

"काका, जाऊ देता का?"

एक डोळा उघडतो. "सलाम, सर. विचारतोय."

"काय विचारताय?"

बोट छताकडे जातं. "उत्तर येऊ दे. मग सांगतो."

छताच्या वर तिसरा मजला आहे आणि तिथे काकांचंच घर आहे, हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "त्याच्याही वर, सर."

साळवेकाका ख्रिस्ती, नमस्काराऐवजी सलाम म्हणणारे. मूळचे नगरकडचे. पोटासाठी ऐन तारुण्यात बडोद्याला आले आणि गोरव्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले ते थेट निवृत्त होऊनच बाहेर पडले. त्या कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग बनवणारे वरच्या मजल्यावर बसत आणि फिटर खाली. वरून ड्रॉइंग आल्याशिवाय खाली कुणी पान्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. काका निवृत्त झाले, पण हा नियम काही निवृत्त झाला नाही. त्यांनी तो देवाला लावला.

"आपली अक्कल ती केवढी, सर? सहा-सातच्या पान्याएवढी. ड्रॉइंग वरून येतं. आपण फक्त नट आवळायचे."

ऐकायला हे छानच आहे. पण त्यांच्याबरोबर एका इमारतीत राहून पाहा. भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, येते. काका वांगं हातात घेतात आणि डोळे मिटतात. मागे सहा बायका पिशव्या घेऊन ताटकळतात. शेवटी काका वांगं परत ठेवतात, "आलं नाही" म्हणतात आणि दुधी घेतात. दुधीबद्दल वरून ताबडतोब मंजुरी कशी येते, हे मला आजवर कळलेलं नाही.

एकदा ऐन मे महिन्यात पाण्याची मोटर बंद पडली. मेकॅनिक म्हणाला, उद्या येतो. इमारतीत फिटर एकच. काका पान्यांची पेटी घेऊन खाली आले, मोटरीवर तळवा ठेवला आणि लागले प्रार्थनेला. "हे स्वर्गीय बापा" पासून जी सुरुवात झाली ती आजारी लोक, प्रवासातले लोक, सरकार चालवणारे लोक असं करत करत मोटरीपाशी यायला पंधरा मिनिटं लागली. तळमजल्यावरचे हसमुखभाई तोंडाला साबण लावून उभे होते.

"काका, पाणी वगर मरी जईशुं! तमे पछी पूछजो!"

"आधी विचारायचं असतं, भाई. पछी विचारून काय उपयोग?"

मग पेटी उघडली आणि पाच मिनिटांत मोटर चालू केली. मी म्हटलं, "काका, हे तर तुम्हाला येतच होतं! देवानं दिलेली अक्कल वापरायची कधी?" तर म्हणाले, "येतंय असं वाटतं ना, सर, तेव्हाच बोट कापतं." आणि अर्धं नसलेलं डाव्या हाताचं बोट दाखवलं.

रविवारची तऱ्हा आणखी वेगळी. माझा झोपेचा एकमेव दिवस. बरोब्बर आठ वाजता डोक्यावर काकांचं गायन सुरू होतं. पूर्वी दोघं नवरा-बायको रिक्षा करून चर्चला जायची, तेव्हा रविवार शांत असे. या दहा महिन्यांच्या सुरुवातीलाच करुणाकाकू न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अॅम्ब्युलन्सवाल्यांनी स्ट्रेचरवरून वर आणून सोडलं, त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. खोलीतल्या खोलीत काठीनं चार पावलं टाकतात, जिना मात्र बंद. मूलबाळ नाही. तेव्हा मीही वर जाऊन "काही लागलं तर सांगा हं" म्हणून आलो होतो. आपण सगळ्यांनाच म्हणतो तसं.

तेव्हापासून उपासना घरीच. गाणं म्हणायचं काकांनी, त्यातला बायकांचा वरचा आवाजही काकांनीच काढायचा. तो आवाज ऐकून माझी बायको म्हणाली, "अहो, मांजर अडकलंय का कुठे?" एका रविवारी मी वैतागून झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. गाणं मध्येच थांबलं. पुढच्या रविवारपासून अगदी हळू येऊ लागलं. मी निवांत झोपलो.

यंदा गहू भरायच्या दिवसांत कहर झाला. घरोघर वर्षाचा गहू आला होता. रोज दुपारी मी शाळेतून येऊन आडवा झालो की जिन्यात धप्, धप्, धप्. मग शांतता. मग पुन्हा धप्, धप्. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. बघतो तर चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस गव्हाची गोणी दोन्ही हातांवर आडवी घेऊन जिना उतरतोय! माझ्या दारापर्यंत आले आणि गुडघे वाकले. गोणी सुटली, शिवण उसवली आणि गहू दुसऱ्या मजल्यावरून पार तळमजल्यापर्यंत गेला.

"काका! गहू वर न्यायचा असतो! तुम्ही खाली कुठे निघालात?"

"सराव," काका धापा टाकत म्हणाले.

"कसला सराव?"

बोट पुन्हा छताकडे. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी नको ते बोललो. म्हटलं, देवाला विचारून विचारून तुम्ही आम्हाला वेड लावणार आहात, एकदा माणसांनाही विचारून बघा. काका जिन्यावर बसून एकेका पायरीवरचा गहू ओंजळीनं गोळा करत राहिले. मी दार लावून घेतलं.

त्या शनिवारी संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात काका. डोळे उघडे. दहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"सर, ड्रॉइंग आलं."

मी दार पुरतं उघडलं.

"उद्या महिन्याचा पहिला रविवार. चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस. पाळकसाहेब घरी येऊन देतात हिला, पण हिला आपल्या बाकावर बसून घ्यायचंय. दर रविवारी पहाटे उठून साडी नेसते, मांडीवर पर्स घेते आणि पलंगावर बसते. तोंडानं काही म्हणत नाही. मी देवाकडे बळ मागत होतो, सर. म्हटलं, एवढं बळ दे की हिला उचलून तळमजल्यापर्यंत नेईन. हिच्या वजनाची गोणी घेऊन बघायचो. पण तुमच्या दारापर्यंत आलो की संपायचं. रोज इथंच संपायचं. मला वाटायचं, माझा विश्वास कमी पडतोय. मी ड्रॉइंग नीट वाचलंच नव्हतं. त्यात दोन माणसं आहेत. मी बळ मागत होतो, त्यानं अक्कल पाठवली. तीसुद्धा तुमच्या तोंडून."

मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काका, माझ्या कमरेला पट्टा आहे."

"कमरेचं विचारलंय मी," काका म्हणाले. "उचलताना गुडघ्यातून उठायचं."

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही करुणाकाकूंना लाकडी खुर्चीत बसवलं. काकांनी पोटाशी चादरीची गाठ मारली, तीनदा ओढून पाहिली. वरून काकांनी पाठ धरली, खालून मी पुढचे पाय. काकूंच्या अंगावर निळ्या काठाची पांढरी साडी आणि मांडीवर पर्स. एक जिना उतरलो आणि माझ्या दारासमोर काका थांबले. डोळे मिटले.

माझ्या हातांना रग लागली होती, पट्टा टोचत होता. "काका, आत्ता नको! खाली जाऊन काय ती प्रार्थना करा!"

"थांबू द्या त्यांना, सर," करुणाकाकू हळूच म्हणाल्या. दहा महिन्यांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "रोज इथंवर येऊन परत यायचे वर. तुमची बेल वाजवू का, असं विचारत उभे राहायचे. मी म्हणायचे, वाजवा की. तर म्हणायचे, सर घाईत असतात."

वर पाहिलं. काकांचे ओठ हलत होते. कान दिल्यावर शब्द कळले. आजारी लोक नव्हते, प्रवासातले लोक नव्हते, सरकारही नव्हतं. "बापा, सरांची कंबर सांभाळ," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मी खुर्चीचे पाय आणखी घट्ट धरले. तेवढ्यात खालून हसमुखभाई धावत आले, "अरे, मने केम न कह्युं?" म्हणत, आपल्याला सांगितलं नाही म्हणून रागावत त्यांनी एक बाजू धरली आणि काकू रिक्षात जाऊन बसल्या. रिक्षा वळेपर्यंत त्या मागच्या काचेतून हात हलवत होत्या.

आता महिन्यातून एक रविवार माझा ठरलेला आहे. झोप नाही आणि सोमवारी कंबर बोलते. शिवाय काका माझ्या दारासमोर अजूनही थांबतात आणि प्रार्थना पुन्हा लांबत चालली आहे. आता तीत हसमुखभाईंचा गुडघाही असतो. मी चरफडतो, पण खुर्ची टेकवत नाही. त्या रविवारी आमचं दार मी साडेसहापासूनच उघडं ठेवतो. बेल वाजवायला लागू नये म्हणून.